मधुमेहींसाठी सेन्सरचे पायमोजे: निवड, वापर आणि इशारा आल्यावर काय करावे

मधुमेह जुना झाला, की पायांच्या नसा हळूहळू बधीर होतात आणि चपलेतला खडा, बुटाचा रुतणारा काठ किंवा चवड्यावर रोज पडणारा दाब यांची जाणीव होईनाशी होते. निरोगी माणूस अशा वेळी नकळत पाय उचलतो, तोल बदलतो, चप्पल झटकतो; बधीर पायाचा माणूस मात्र त्याच जागेवर तितकाच भार देत चालत राहतो. त्या जागी त्वचेखाली इजा होते, दाह सुरू होतो, दाहामुळे ती जागा गरम होते आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, वरची त्वचा फुटते. सेन्सर विणलेले पायमोजे नेमके या मधल्या काळावर लक्ष ठेवतात. जखम दिसण्यापूर्वी तळवा कुठे तापला आहे हे ते सांगतात. त्यापुढचे काम रुग्णाचे, घरच्यांचे आणि डॉक्टरांचे असते. हे तंत्र ज्यांनी आजवर फक्त ऐकले आहे, किंवा परदेशातील मुलाने अथवा मुलीने आईवडिलांसाठी असा जोड मागवला आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे.

त्वचा फुटण्याआधी तापते, हे निरीक्षण जुने आहे आणि त्याची मुळे आपल्याच देशात आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधीर हातापायांवर काम करताना असे दाखवून दिले, की तिथल्या बहुतेक जखमा न जाणवणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या आघातांमुळे होतात. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी तळव्याच्या तापमानाचा धोक्याची खूण म्हणून उपयोग केला. कुष्ठरुग्णांकडून शिकलेले हे ज्ञान मधुमेहींच्या पायांना जसेच्या तसे लागू पडले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पूर्वी पायाला जखम होऊन गेलेल्या १७३ रुग्णांवर पंधरा महिने लक्ष ठेवण्यात आले. रोज तळव्याचे तापमान मोजणाऱ्या गटात ८.५ टक्के लोकांना पुन्हा जखम झाली, तर नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण २९.३ टक्के होते. त्या अभ्यासात मोजे नव्हते, हातात धरायचा साधा तापमापक होता, ही बाब लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

पहिली पायरी: आपल्याला याची गरज आहे का, हे ठरवा

शुगर वाढल्याचे गेल्या वर्षी कळले आणि पायांची जाणीव शाबूत आहे, अशा माणसाने या मोज्यांवर पैसे खर्च करू नयेत. त्याला वर्षातून एकदा पायांची नीट तपासणी पुरते. हे साधन ज्यांच्या पायांची संरक्षक जाणीव गेली आहे, आणि त्याबरोबर बोटे वाकडी होणे, चवड्याचे हाड खाली येणे, रक्तपुरवठा कमी होणे किंवा मूत्रपिंड निकामी होणे अशी आणखी एखादी अडचण आहे, त्यांच्यासाठी आहे. सर्वांत जास्त गरज असते ती एकदा जखम होऊन भरून आलेल्यांना. भरलेली जखम म्हणजे संपलेले प्रकरण, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते, परंतु अशा रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के जणांना एका वर्षात आणि सुमारे ६५ टक्के जणांना पाच वर्षांत पुन्हा जखम होते.

जाणीव गेली आहे का, हे डॉक्टर दहा ग्रॅमचा भार पडताच वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने आणि कंप पावणाऱ्या चिमट्याने (ट्यूनिंग फोर्कने) तपासतात. घरी करण्याजोगी एक सोपी चाचणीही आहे. रुग्णाला पाय लांब करून आडवे होण्यास आणि डोळे मिटण्यास सांगावे. घरातील दुसऱ्या व्यक्तीने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला, एका वेळी एकाच बोटाला, आपल्या तर्जनीने एक ते दोन सेकंद हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, घासू नये. स्पर्श कळताच रुग्णाने "डावा" किंवा "उजवा" असे म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांची वेळ घ्यावी. पायाला मुंग्या येत नाहीत किंवा दुखत नाही म्हणजे पाय ठीक आहे, असा अर्थ काढू नये. पूर्ण बधीर झालेला पाय मुळीच त्रास देत नाही.

दुसरी पायरी: मोजा काय मोजतो, हे समजून घ्या

बाजारात "स्मार्ट" या नावाखाली मिळणारे काही मोजे धावणाऱ्यांची पावले आणि पाऊल टाकण्याची पद्धत मोजतात. मधुमेहींच्या दृष्टीने त्यांचा उपयोग नाही. आपल्याला हव्या असलेल्या साधनांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार तापमान मोजणाऱ्या मोज्यांचा. यात मुगाच्या दाण्याहूनही लहान असे तापमापक घटक धाग्यात गुंतवून मोजा विणला जातो, त्यामुळे हाताला ते जवळजवळ जाणवत नाहीत. अमेरिकेतील सायरन या कंपनीच्या मोज्यांत प्रत्येक पायाला सहा सेन्सर असतात: अंगठा, चवड्यावरील (अंगठ्याच्या बाजूने मोजता) पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या हाडाखालची जागा, तळव्याचा मध्य आणि टाच. जखमा बहुधा याच जागी होतात, म्हणून ही निवड आहे. घोट्याजवळच्या छोट्या बटणातून माहिती बिनतारी मार्गाने पुढे जाते आणि वैद्यकीय कर्मचारी ती पाहतात. तिथे हे मोजे डॉक्टरांच्या शिफारशीनेच मिळतात, आणि ते योग्यच आहे, कारण माहिती पाहणारे कोणी नसेल तर तो निव्वळ महाग मोजा ठरतो.

दुसरा प्रकार दाब मोजणारा. त्यात सेन्सर बहुधा बुटाच्या सुखतळ्यात, म्हणजे बुटाच्या आत तळव्याखाली येणाऱ्या थरात, बसवलेले असतात. दाब पडला की विद्युतरोध बदलणारे पदार्थ यासाठी वापरतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील संशोधकांनी, पूर्वी जखम झालेल्या ५८ रुग्णांना असे सुखतळे अठरा महिन्यांपर्यंत दिले. प्रत्येक सुखतळ्यात आठ सेन्सर होते, आणि एखाद्या जागी सुमारे पंधरा मिनिटे जवळजवळ सलग ३५ मिलिमीटर पाऱ्याइतका किंवा अधिक दाब राहिला, की मनगटावरील घड्याळ इशारा देत असे. ज्यांना इशारे मिळत होते, त्यांच्यात जखमांचे प्रमाण इशारे न मिळणाऱ्यांपेक्षा ७१ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान होता, म्हणून आकड्यावर फार विसंबू नये. मात्र इशारा ऐकून बसणे, वजन दुसऱ्या पायावर घेणे, दोन पावले चालणे या साध्या कृतींनी फरक पडतो, एवढे त्यावरून दिसते.

दोहोंपैकी एकच घेणे शक्य असेल, तर माझा कल तापमानाकडे आहे. दाबाचा इशारा सतत येतो आणि माणूस त्याला कंटाळतो. शिवाय तो बूट घातला असेल तरच मिळतो. आपल्याकडचा साठीपुढचा माणूस दिवसातून किती तास बूट घालतो, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरात करून पाहावा.

तिसरी पायरी: माप, शिवण आणि पादत्राण

मोजा घालण्यापूर्वी तो उलटा करून बोटांवरच्या शिवणीवरून हाताचा पालथा भाग फिरवावा. पालथ्या हाताला जी गाठ किंवा कड जाणवते, ती बधीर बोटाला दिवसभर घासणार असते. वरचा लवचीक पट्टा सैल हवा. मोजा काढल्यावर पोटरीभोवती उमटलेले वळ तासाभरानेही दिसत असेल, तर मोजा घट्ट आहे आणि तो बदलून घ्यावा. टाचेचा खोलगट भाग टाचेवर नेमका बसला पाहिजे. मोजा थोडा जरी फिरला, तरी पहिल्या हाडाखालचा सेन्सर दुसऱ्या हाडाखाली जातो आणि डाव्या-उजव्या पायांची तुलना चुकते. म्हणून मोजे नेहमी खुर्चीत बसून घालावेत, सुरकुत्या बोटांनी पुसून काढाव्यात आणि डावा-उजवा ही खूण पाहावी. दृष्टी अधू असेल किंवा वाकता येत नसेल, तर हे काम घरातील एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावे.

आपल्याकडची खरी अडचण पादत्राणांची आहे. अंगठ्याच्या चपलेत मोजा घालून चालल्यास कापडाची घडी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचकीत अडकते आणि तिथेच नवी जखम करते. कोल्हापुरी चपलेचा तळ कडक असल्यामुळे ती तर बधीर पायाला मोज्यासह किंवा मोज्याशिवाय वर्ज्यच मानावी. वरून रुंद, मागे पट्टा असलेली, वेलक्रोने सैल-घट्ट करता येणारी आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेली सँडल मोज्यांबरोबर चांगली चालते. हे रबर कुष्ठरुग्णांच्या चपलांसाठी भारतात अनेक दशके वापरात आहे आणि त्याची सँडल मोठ्या शहरांतील मधुमेह केंद्रांत बनवून मिळते. घरात अनवाणी वावरण्याची सवय मोडणे सर्वांत अवघड जाते. घरासाठी धुतलेली वेगळी सँडल ठेवावी. केवळ मोजे घालून फरशीवर चालू नये, कारण पाय घसरतो आणि पडलेली टाचणीही मोज्यातून आत शिरते. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा दुपारच्या तापलेल्या फरसबंदीवर चालणे टाळून सकाळी लवकर जावे. पायांत जोडवी असतील तर त्यांच्या कडेने मोज्याचा धागा ओढला जातो आणि सूज आली की जोडवे रुतते, म्हणून ती सैल करून घ्यावीत किंवा काढून ठेवावीत.

चौथी पायरी: पहिले दोन आठवडे फक्त नोंद

तापमानाचा एकटा आकडा फारसे सांगत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तळवा तापलेलाच असतो आणि महाबळेश्वरच्या थंडीत तो गार असतो. त्यामुळे एका पायाची तुलना दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी केली जाते. हवा दोन्ही पायांना सारखीच लागते, म्हणून तिचा परिणाम वजा होतो. डाव्या आणि उजव्या बाजूंच्या समान जागांमध्ये २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सलग दोन दिवस दिसला, तर चालणे कमी करून डॉक्टरांना कळवावे, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा सल्ला आहे.

काही जणांच्या पायांत मात्र मुळातच अर्धा-पाऊण अंशाचा फरक असतो: जुने फ्रॅक्चर, एका पायातील कमी रक्तपुरवठा, शिरांची शस्त्रक्रिया अशी कारणे त्यामागे असतात. पहिले दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी मोजे घालून आपली नेहमीची रीत कशी आहे ते पाहावे आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. या काळात आकडे पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही; मात्र मर्यादेपलीकडचा फरक दिसला, तर नोंदीचा काळ म्हणून तो सोडूनही देऊ नये.

पाचवी पायरी: रोजचा क्रम

सकाळी पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात, तळव्याला आणि टाचेला मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. मलम त्वचेत जिरल्यावर मोजे घालावेत, नाहीतर तेलकटपणा धाग्यात साचतो. पाण्याचा कोमटपणा कोपराने किंवा घरातील दुसऱ्याच्या हाताने पाहावा. पाय भिजवत ठेवू नयेत. घट्टा किंवा कुरूप दिसले तर ब्लेड लावू नये आणि औषधाच्या दुकानात मिळणारी कुरूप काढण्याची पट्टीही चिकटवू नये. तिच्यातील आम्ल चांगल्या त्वचेलाही भाजते.

रात्री मोजे काढल्यावर तळवा आरशात किंवा दुसऱ्याच्या मदतीने पाहावा. सेन्सर आहे म्हणून पाहणे सोडणारे लोक पुष्कळ असतात, आणि या साधनाचा सर्वांत मोठा धोका मला तोच वाटतो. सहा जागांवरील सेन्सरला बोटांमधली बुरशी दिसत नाही, बोटांच्या वरच्या बाजूचे घासणे दिसत नाही, नखाचे रुतलेले टोक दिसत नाही, आणि काटा किंवा खिळा शिरला तर तो आधी कळवून शिरत नाही.

मोजे धुण्याच्या बाबतीत उत्पादकाची चिठ्ठी प्रमाण मानावी. सर्वसाधारणपणे सौम्य साबण, थंड पाणी आणि सावलीत वाळवणे हे सुरक्षित असते. लाकडी थापीने बडवणे, पिळणे आणि इस्त्री यांमुळे धाग्यातील बारीक तारा तुटतात. निदान दोन जोड असावेत. पावसाळ्यात मोजा पूर्ण वाळल्याशिवाय घालू नये, कारण ओलसर कापडाने त्वचा पांढरी पडून मऊ होते आणि तापमानाची नोंदही बिघडते. सेन्सर कायम टिकत नाहीत. बदलण्याची तारीख औषधांच्या डब्यावर लिहून ठेवावी.

सहावी पायरी: इशारा आला, आता काय?

या साऱ्या खटाटोपाचे फळ याच टप्प्यावर मिळते किंवा वाया जाते. इशारा आला की प्रथम मोजा फिरला आहे का, एकाच पायावर ऊन पडत होते का, एक पाय दुसऱ्याखाली दुमडून बसला होतात का, हे पाहावे. दोन्ही मोजे काढून तळवे चांगल्या उजेडात तपासावेत. घट्ट्याखाली काळसर लाल ठिपका दिसतो का, हे विशेष बारकाईने पाहावे. तो त्वचेखालच्या रक्तस्रावाचा असू शकतो आणि त्याखाली जखम दडलेली असते. नंतर अर्धा तास बसून पुन्हा मोजे घालून नोंद घ्यावी.

फरक गेला, तर दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवावे. फरक दुसऱ्या दिवशीही राहिला, तर दुखत असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि चालणे कमी करावे. चालणे कमी करणे म्हणजे सकाळचा फेरफटका बंद, भाजी आणि दूध दुसऱ्याने आणणे, स्वयंपाक बसून करणे आणि जिने टाळणे. व्यायाम थांबवायला माणसे तयार होत नाहीत, कारण आजवर "चाला" एवढेच त्यांना सांगितलेले असते. त्यांना हातांचे व्यायाम, बसून करण्याचे व्यायाम सुचवावेत. शुगर त्यांनीही आटोक्यात राहते. फरक नाहीसा होईपर्यंत ही विश्रांती चालू ठेवावी. गरम जागेवर मालीश करू नये आणि शेक तर मुळीच देऊ नये. बधीर पायाला गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले कळत नाही.

इशारे खोटेही ठरतात, हे आधीच स्वीकारलेले बरे. तळव्याचे तापमान मोजणाऱ्या, पायाखाली ठेवायच्या एका चटईचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २.२ अंशांची मर्यादा धरल्यास ९७ टक्के जखमा आधी हेरल्या गेल्या, त्याही सरासरी ३७ दिवस अगोदर. परंतु त्याच मर्यादेला, जखम होणार नव्हती अशा निम्म्याहून अधिक प्रसंगीही इशारा मिळाला. चार वेळा काही झाले नाही म्हणून पाचव्या वेळी मोजे कपाटात ठेवण्याचा मोह होतो. एका खोट्या इशाऱ्याची किंमत दोन-चार दिवसांची विश्रांती एवढीच आहे. दुर्लक्षिलेल्या खऱ्या इशाऱ्याची किंमत बोट किंवा पाय असू शकते.

काही लक्षणांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. संपूर्ण पाऊल लाल, सुजलेले आणि स्पष्टपणे गरम आहे, जखम मात्र कुठेच नाही आणि दुखतही फारसे नाही, असे असेल तर तो शार्को नावाचा हाडे खिळखिळी करणारा विकार असू शकतो. त्या पायावर एकही पाऊल न टाकता डॉक्टरांकडे जावे. पू, दुर्गंधी, ताप, काळी पडलेली त्वचा किंवा पसरत जाणारी लाली दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाऊल अचानक गार आणि फिकट किंवा निळे पडले, तर रक्तपुरवठा खंडित झाल्याची शक्यता असते. उष्णता शोधणाऱ्या मोज्यांकडून त्याची सूचना मिळेलच असे नाही.

ज्यांचा एक पाय कापावा लागला आहे, त्यांच्याबाबतीत डाव्या-उजव्याची तुलना शक्यच नसते. एका पायाच्या आदल्या नोंदींशी तुलना करता येते, परंतु तिची मर्यादा डॉक्टरांनी ठरवून द्यावी लागते. दोन्ही पायांना एकाच जागी एकाच वेळी दाह झाला, तर फरक शून्य दिसेल, हेही ध्यानात असू द्यावे.

मोजे परवडत नसतील तर

सुरुवातीला उल्लेख केलेला अभ्यास हातातल्या तापमापकाने झाला होता, आणि तो मार्ग आजही खुला आहे. करोनाच्या काळात घरोघरी आलेला, कपाळासमोर धरायचा तापमापक पायांसाठी वापरता येतो, फक्त त्याची रीत (मोड) पृष्ठभागाच्या मोजमापावर बदलून घ्यावी लागते. शरीराच्या रीतीत तो साधारण ३२ अंशांखालचे तापमान दाखवत नाही आणि तळवा अनेकदा त्याहून गार असतो, त्यामुळे पडद्यावर आकड्याऐवजी "लो" उमटते. पृष्ठभागाच्या रीतीत अशा तापमापकाचा आकडा एखाद्या अंशाने चुकू शकतो. परंतु दोन्ही पायांना तेच उपकरण, त्याच अंतरावरून, लागोपाठ वापरले तर ती चूक दोन्ही बाजूंना बहुतांशी सारखीच होते आणि फरक कामापुरता विश्वासार्ह राहतो.

सकाळी दहा मिनिटे उघड्या पायांनी, पंख्याचा झोत थेट न घेता बसावे. मग वर सांगितलेल्या सहा जागा आधी डाव्या आणि लगेच उजव्या पायावर मोजाव्यात. वहीत तारीख, सहा जागांचे दोन-दोन आकडे, त्यांतील फरक आणि आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चालणे झाले असल्यास तेवढी नोंद करावी. लग्नकार्य, प्रवास किंवा यात्रेनंतरचे दोन-तीन दिवस ही नोंद मुळीच चुकवू नये, कारण चवड्यावरचा फरक बहुधा त्याच दिवसांत दिसतो. ही वही आणि रोज वापरात असलेली चप्पल, दोन्ही तपासणीला जाताना बरोबर न्यावीत. चपलेच्या तळाची झीज कुठे झाली आहे ते पाहून, कोणत्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यायचे हे डॉक्टरांना ठरवता येते.